आधी ओळख, मग पाणी: कॅक्टस आणि सक्युलंट सांभाळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

कॅक्टस आणि सक्युलंटचा छंद लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: पाणी किती दिवसांनी द्यायचे? माझाही तोच होता. त्यावर मिळालेले ‘आठवड्यातून एकदा’ हे उत्तर मी इमानाने पाळले आणि पहिल्याच हिवाळ्यात लिथॉप्सची सहा रोपे गमावली. लिथॉप्स म्हणजे दोन जाड पानांचे, गोट्यासारखे दिसणारे इवलेसे रोप. थंडीत त्याची पाने सुरकुतू लागली तेव्हा मला ते तहानलेले वाटले आणि मी पाणी वाढवले. प्रत्यक्षात त्या वेळी जुनी पाने स्वतःजवळचे पाणी आत तयार होणाऱ्या नव्या जोडीला देत होती. माझ्या पाण्याने जुनी पाने पुन्हा फुगली, नवी जोडी आतच अडकून पडली आणि काही दिवसांत रोपांचा लगदा झाला.

पाणी कधी द्यायचे हे झाडाच्या नावावरून ठरते, ही गोष्ट मला त्या सहा रोपांनी शिकवली. नाव कळले की मूळ प्रदेश कळतो, प्रदेश कळला की तिथे पाऊस कोणत्या ऋतूत पडतो ते समजते आणि त्यावरून झाडाच्या वाढीचा व विश्रांतीचा काळ ठरवता येतो. पाणी, खत, कुंडी बदलणे, छाट घेणे ही सारी कामे त्या काळाला बांधलेली असतात. म्हणूनच या लेखात झाडाच्या ओळखीला निगेच्या आधी आणि जास्त जागा दिली आहे.

हाताशी असावे असे साहित्य

दहापट मोठे दाखवणारे भिंग (ही वस्तू बहुतेक जण घेत नाहीत आणि सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो), लांब दांड्याचा चिमटा, जाड हातमोजे, धारदार चाकू, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक रंगकामाचा कुंचला, बांबूच्या काड्या, गंधकाची पूड, जुनी वर्तमानपत्रे, नावाच्या प्लॅस्टिकपट्ट्या आणि शिसपेन्सिल. पेन्सिलचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण शाईची अक्षरे उन्हात वर्षभरात उडतात आणि शिशाची टिकतात.

१. कॅक्टस कोणता आणि सक्युलंट कोणते, हे आधी ठरवा

‘सक्युलंट’ हे कुळाचे नाव नव्हे. पान, खोड किंवा मूळ यांत पाणी साठवणाऱ्या कोणत्याही झाडाला ते लावता येते आणि अशी झाडे अनेक कुळांत आढळतात. ‘कॅक्टस’ मात्र एकाच कुळाचे नाव आहे. त्या कुळात सुमारे दीड हजार जाती आहेत. त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. र्‍हिप्सॅलिस बॅसिफेरा या एकाच जातीने आपणहून आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेपर्यंत मजल मारलेली दिसते. त्यामुळे जवळपास सर्व कॅक्टस सक्युलंट असतात, पण सर्व सक्युलंट कॅक्टस नसतात.

मराठीत घोटाळा होतो तो ‘निवडुंग’ या शब्दामुळे. फड्या निवडुंग हा ओपन्शिया, म्हणजे खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया, म्हणजे शेराचा भाऊबंद. कॅक्टसशी त्याचे कुळाचे काहीही नाते नाही. दोघांनाही आपण एकच नाव दिले, कारण दोघेही काटेरी, बिनपानांचे आणि मांसल दिसतात. दूरदूरच्या खंडांत कोरडेपणाला तोंड देता देता त्यांची रूपे सारखी झाली, एवढाच तो संबंध आहे. घायपात, कोरफड आणि पानफुटी ही ओळखीची नावेसुद्धा तीन वेगळ्या गटांची आहेत: घायपात म्हणजे अगेव्ह, कोरफड म्हणजे अ‍ॅलो आणि पानफुटी म्हणजे कॅलँको.

२. भिंग घेऊन एरिओल शोधा

खऱ्या कॅक्टसची खात्रीची खूण म्हणजे एरिओल. खोडाच्या धारेवर किंवा उंचवट्याच्या टोकावर लोकरीसारख्या तंतूंची लहानशी गादी असते, तिला एरिओल म्हणतात. काटे, फांद्या आणि बहुतेक कॅक्टसांत फुलेही याच गादीतून येतात. भिंगाखाली ती पाहणे हा फार सुंदर अनुभव आहे. शेंड्याजवळच्या कोवळ्या गाद्या पांढऱ्या किंवा पिवळसर आणि भरगच्च दिसतात, त्यांतून अर्धपारदर्शक, तांबूस टोकांचे नवे काटे वर येत असतात. बुडाकडे यावे तसतशी तीच गादी राखाडी होत जाते, झिजते आणि अखेर तिथे केवळ एक ठिपका उरतो. सगळे झाड शेंड्यापासून बुडापर्यंत वाचले की त्याचे वय आणि त्याने काढलेले बरेवाईट दिवस त्यावर लिहिलेले आढळतात.

युफोर्बियाला अशी गादी नसते. त्याचे काटे बहुधा जोडीने येतात आणि खोडाच्या कडेवरील एका कठीण पट्टीवर बसलेले दिसतात. त्याला जरा ओरखडा काढला की पांढरा चीक वाहतो. मात्र केवळ चिकावरून निर्णय करू नये, कारण मॅमिलेरियाच्या काही जातींतूनही दुधी चीक येतो. शिवाय युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. छाटणी करताना चष्मा लावावा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत.

कॅक्टस आहे हे ठरले की पुढच्या खुणा पाहाव्यात. नवख्याला वारंवार भेटणारे गट असे ओळखता येतात:

- मॅमिलेरिया: अंगावर धारा नसतात, सुटे उंचवटे असतात. फुले उंचवट्यांच्या काटेरी टोकाशी न येता दोन उंचवट्यांच्या बेचक्यातून येतात आणि शेंड्याभोवती त्यांचे कडे तयार होते.
- जिम्नोकॅलिशियम: कळीवर गुळगुळीत खवले असतात, केस किंवा काटे अजिबात नसतात. या प्रजातीच्या नावाचा अर्थच ‘उघडी कळी’ असा आहे.
- एकिनॉप्सिस: फुलाची नळी लांब आणि केसाळ असते, अनेक जाती रात्री फुलतात.
- अ‍ॅस्ट्रोफायटम: थोड्या, ठळक धारा आणि त्यांवर पांढरे ठिपके. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक ठिपका केसांचा झुबका असल्याचे दिसते.
- ओपन्शिया: चपट्या पेरांची रचना. मोठ्या काट्यांपेक्षा गादीतले केसांएवढे बारीक, आकडेदार काटे अधिक त्रासदायक असतात. ते हातात रुतले तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी.
- श्लुम्बर्गेरा आणि एपिफायलम: चपटी, पानांसारखी दिसणारी खोडे. ही वाळवंटातली झाडे नव्हेत. ती दमट जंगलांत मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत लावतो ते बहुधा एपिफायलम असते. हिमालयातले ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुळातली वेगळीच वनस्पती आहे.

पानांत पाणी साठवणाऱ्या सक्युलंटांत पानांचा गुच्छ पाहून नवख्याची फसगत होते. एकेव्हेरिया आणि सेम्परव्हायव्हम दोन्ही दगडी कमळासारखी दिसतात. फुलाचा दांडा पानांच्या बगलेतून निघाला तर ती एकेव्हेरिया. गुच्छाच्या मध्यातूनच वर आला आणि फुलल्यानंतर तो गुच्छ मेला तर ते सेम्परव्हायव्हम. अगेव्ह आणि अ‍ॅलो यांत संशय असेल तर खालचे एखादे जुने पान कापून पाहावे: अगेव्हच्या पानात चिवट धागे निघतात, अ‍ॅलोच्या पानात गर. हा फरक केवळ नावापुरता नाही. अगेव्हचा गुच्छ आयुष्यात बहुधा एकदाच फुलतो आणि मरतो. अ‍ॅलो वर्षानुवर्षे फुलते. गॅस्टेरियाचे फूल बुडाशी पोटासारखे फुगलेले असते, तर हॅवोर्थियाचे फूल लहान, पांढरट आणि दोन ओठांचे. पाने पाहून आठवडाभर न सुटलेला प्रश्न फूल पाहून मिनिटात सुटतो. म्हणून फूल आले की शेंडा, कळी, फूल आणि बूड अशी चार छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, अवश्य काढून ठेवावीत.

३. नाव अपुरे राहिले तरी चालेल, चुकीचे नको

दुकानातल्या पट्टीवर ‘मिश्र कॅक्टस’ एवढेच लिहिलेले असते. अशा झाडाला छायाचित्राशी जुळवून घाईने पूर्ण नाव चिकटवू नये. प्रजातीपर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंतच, खात्री असेल तर ‘मॅमिलेरिया’ एवढेच लिहावे आणि पुढची जागा मोकळी ठेवावी. एकेव्हेरियाच्या बाबतीत तर संकर इतके झाले आहेत की मूळ कागद हरवलेल्या झाडाचे नेमके नाव पुन्हा सापडणे बहुधा अशक्य असते. कोवळ्या रोपाचे रूपही मोठ्या झाडापेक्षा बरेच वेगळे असू शकते.

नावे बदलतात, याची तयारी ठेवावी. सोनेरी काट्यांचा प्रसिद्ध गोल कॅक्टस दीर्घकाळ एकिनोकॅक्टस ग्रुसोनाय म्हणून ओळखला गेला, आता तो क्रोएन्लाइनिया या नावानेही आढळतो. सॅन्सेव्हिएरिया आता ड्रॅसिनात गणले जाते. जुने नाव पट्टीवरून खोडू नये; त्याच्या खाली नवे लिहावे. पट्टीच्या मागच्या बाजूला झाड कोठून आणि कधी आणले ते लिहावे, आणि तीच नोंद वहीतही ठेवावी, कारण पट्ट्या तुटतात.

४. वाढीचा हंगाम ठरवा

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. ढोबळमानाने झाडांचे तीन गट करता येतात.

उष्ण काळात वाढणाऱ्यांत बहुतेक कॅक्टस, अगेव्ह, अडेनियम, पॅकिपोडियम आणि बहुतेक युफोर्बिया येतात. यांना वाढत्या उन्हाबरोबर पाणी सुरू करावे आणि थंडीत जवळजवळ बंद करावे. रेबुशियासारख्या डोंगराळ भागातल्या कॅक्टसांना तर हिवाळ्यात कोरडी, थंड विश्रांती मिळाली नाही तर पुढे कळ्याच धरत नाहीत. ‘माझा कॅक्टस हिरवागार आहे, पण फुलत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हिवाळाभर प्रेमाने घातलेले पाणी असते.

थंड काळात वाढणाऱ्यांत एओनियम, कोनोफायटम आणि लिथॉप्स यांचा समावेश होतो. ही झाडे कडक उन्हाळ्यात झोपतात. एओनियमची पाने तेव्हा मिटून गोळा होतात, खालची गळून पडतात आणि ते मरणार असे वाटू लागते. त्या वेळी त्याला सावलीत ठेवावे आणि मुळे अगदीच वाळू नयेत इतपत थोडेसे पाणी द्यावे. लिथॉप्सचे वेळापत्रक आणखी काटेकोर आहे: शरद ऋतूत दोन पानांच्या फटीतून फूल येते, हिवाळ्यात आत नवी जोडी तयार होते, आणि जुनी जोडी कागदासारखी वाळून चिकटेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. १८११ साली निसर्ग अभ्यासक विल्यम बर्चेल यांनी दक्षिण आफ्रिकेत दगड समजून उचललेली वस्तू लिथॉप्स निघाली. ज्या भूमीवर ते दगडांत मिसळून जाते, तिथल्या कोरडेपणाची कल्पना त्यावरून यावी.

तिसरा गट मधल्या ऋतूंचा. एकेव्हेरिया, हॅवोर्थिया आणि गॅस्टेरिया वसंतात आणि शरदात जोमाने वाढतात, तर फार उष्ण आणि फार थंड काळात मंदावतात.

उष्ण रात्री का बाधतात, हे समजून घेण्यासारखे आहे. यांतली बहुतेक झाडे आपली रंध्रे रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन तो वापरतात; त्यामुळे भर उन्हात पाणी उडून जात नाही. क्रॅसुलाच्या कुळावरून या पद्धतीला नाव मिळाले आहे. रात्र गार नसेल तर हा व्यवहार मंदावतो आणि झाड पाणी उचलत नाही. मग कुंडीतले ओले मिश्रण आणि गरम हवा मिळून बुरशीला आयते घर मिळते.

महिन्यांच्या नावांवर विसंबू नये. दुसऱ्या गोलार्धात लिहिलेली माहिती वाचत असाल तर तिथला जून म्हणजे हिवाळा असू शकतो. आपल्या दारातला ऋतू पाहावा आणि त्याहून अधिक शेंडा पाहावा: नवे काटे किंवा नवी पाने ताज्या रंगाची दिसली की झाड जागे झाले असे समजावे.

५. विकत घेताना आणि मागवताना

झाड हाताने हलकेच हलवावे; बुडाशी डुगडुगत असेल तर मुळे कुजलेली असण्याची शक्यता मोठी. उंचवट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते झाड घेऊ नये. यापुढचे फसवे प्रकार मी स्वतः पाहिलेले आहेत. कॅक्टसच्या डोक्यावर गोंदाने चिकटवलेली सुकी फुले, पानांना फासलेला निळा-गुलाबी रंग, वरचे खडे एकमेकांना चिकटवून केलेला कठीण थर, आणि ‘सप्तरंगी’ सक्युलंटांचे बी. अशा बियांतून काय उगवेल सांगता येत नाही; सप्तरंगी काही उगवणार नाही एवढे निश्चित.

लाल किंवा पिवळ्या चेंडूसारखा कॅक्टस हिरव्या तिधारी खोडावर बसवलेला असतो, ते कलम असते. वरच्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्या खोडाच्या जिवावर जगतो, आणि ते खोड ड्रॅगनफ्रूटच्या वेलाचे असते. त्याला ऊब आणि इतर कॅक्टसांपेक्षा थोडे जास्त पाणी लागते. बहुतेक कलमे काही वर्षेच टिकतात, हे माहीत असूनच ते घ्यावे.

परदेशातून झाडे मागवायची असतील तर कागदपत्रे आधी, पैसे नंतर. जवळजवळ संपूर्ण कॅक्टस कुळ, मांसल युफोर्बिया आणि कोरफड वगळता अ‍ॅलोच्या जाती साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अ‍ॅरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस आणि अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियाससारखे काही पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात. हा करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून अमलात आहे. विक्रेत्याकडे पुढील गोष्टी मागाव्यात:

१. निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र.
२. साइट्सचा निर्यात परवाना, आणि आपल्या देशाला लागत असेल तर आयात परवाना.
३. शास्त्रीय नावे असलेले बिल, ज्यात झाडे रोपवाटिकेत वाढवलेली असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल.

परवान्याविना टपालाने पाठवतो असे कोणी सांगितले तर तो व्यवहार सोडून द्यावा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात कॅक्टसच्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या, आणि संग्राहकांसाठी जंगलातून झाडे व बी उचलणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. लहान वयाचे म्हणून विकले जाणारे झाड खरचटलेले, एका बाजूने वाळलेले, बुडाशी लाकडासारखे झालेले आणि तुटक्या जाड मुळांचे असेल, तर ते जंगलातून उपटलेले असू शकते. आपल्या हौसेपायी एखादी टेकडी उघडी पडू नये, असे मला मनापासून वाटते.

६. मिश्रण आणि कुंडी

मिश्रणाचा अर्ध्याहून अधिक भाग, दमट हवेत दोन-तृतीयांश, खडीचा असावा: प्युमिस, परलाइट, लाव्हाचे खडे किंवा २ ते ५ मिलिमीटरची भरड वाळू. उरलेल्या भागात चांगले कुजलेले खत आणि थोडे कोकोपीट पुरते. बारीक वाळू घातल्याने निचरा सुधारतो, हा समज चुकीचा आहे. ती फटी बुजवते आणि मिश्रण सिमेंटसारखे बसते. कसोटी सोपी आहे: भरलेल्या कुंडीत पाणी ओतले की ते वर साचून न राहता काही सेकंदांत खालून वाहू लागले पाहिजे.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालण्याची सवय सोडावी. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडकते. परिणामी ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरेसा आहे. कुंडीला छिद्र हवेच. तिचा व्यास झाडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठा असावा, कारण रिकामे मिश्रण पाणी धरून ठेवते आणि ते प्यायला मुळे नसतात. पाणी घालण्याचा हात सैल असेल तर मातीची कुंडी घ्यावी. ती अंगातूनही पाणी सोडते.

७. पाणी, खत आणि ऊन

वाढीच्या हंगामात पाणी भरपूर द्यावे, इतके की ते खालून वाहून जाईल; आणि मग मिश्रण तळापर्यंत कोरडे होईपर्यंत काहीही देऊ नये. रोज चमचाभर पाणी घालणे सर्वांत वाईट, कारण वरचा थर ओला आणि मुळे तहानलेली राहतात. कोरडेपणा तपासायला बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती गार किंवा डागाळलेली लागली तर थांबावे. काही आठवड्यांत कुंडी उचलूनच वजनावरून अंदाज येऊ लागतो. बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे. एकेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी हे तिचे उन्हापासूनचे संरक्षण असते. एकदा पुसली गेली की ती त्या पानावर पूर्ववत होत नाही, म्हणून पाणी मातीवरच घालावे आणि पानांना बोट लावू नये.

श्लुम्बर्गेरा, एपिफायलम यांसारख्या जंगली कॅक्टसांना हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. त्यांना गाळलेले, सावलीतले ऊन हवे आणि मिश्रण पूर्ण वाळू देऊ नये. श्लुम्बर्गेराला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड काळोखी रात्र लागते. रात्री दिवा जळत असलेल्या खोलीत तो फुलत नाही.

खत नत्र कमी असलेले, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे किंवा त्याहून पातळ, आणि फक्त वाढीच्या काळात.

उन्हाची चूक दोन्ही बाजूंनी होते. उजेड कमी पडला की झाड फिकट आणि बारीक होऊन वर ताणले जाते. तो बारीक झालेला भाग पुढे कितीही ऊन मिळाले तरी जाड होत नाही. ते पाहून घाबरलेला माणूस झाडाला एकदम भर उन्हात ठेवतो आणि सूर्याकडच्या बाजूला पांढरा, मग तपकिरी डाग पडतो, तोही कायमचा. म्हणून दोन-तीन आठवडे घेऊन, सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करावी.

८. कीड आणि कूज वेळीच ओळखा

पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखे पुंजके करणारी कीड, हा या छंदातला कायमचा पाहुणा आहे. अल्कोहोलमध्ये कुंचला बुडवून प्रत्येक पुंजक्याला लावावा, झाड दोन दिवस सावलीत ठेवावे आणि आठवड्याने तेच पुन्हा करावे. अंडी राहून जातात, त्यामुळे एका खेपेत काम संपत नाही. मुळांवरचा प्रकार अधिक घातक असतो, कारण वरून फक्त झाडाची वाढ थांबलेली दिसते. कुंडी उपडी केल्यावर मातीच्या गोळ्यावर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पिठूळ, निळसर पांढरे डाग दिसले तर सगळे मिश्रण फेकून द्यावे, मुळे धुऊन वाळवावीत आणि कुंडी स्वच्छ करावी. लाल कोळी शेंड्याजवळ गंजासारखे खरखरीत डाग पाडतो. याउलट जुन्या कॅक्टसचे बूड तपकिरी आणि कडक होणे हे वयाचे लक्षण आहे. ते बोटाने दाबून पाहावे. कडक लागले तर काळजी नको, मऊ लागले तर कूज आहे.

कूज दिसली की त्याच दिवशी चाकू घ्यावा. पाते अल्कोहोलने पुसून निरोगी बाजूकडे सरकत काप घेत जावे, दर कापानंतर पाते पुन्हा पुसावे. कापलेल्या भागाच्या मध्यावर वाहिन्यांचे कडे दिसते. त्यात एकही तपकिरी ठिपका उरला तर अजून वर कापावे. स्वच्छ कापावर गंधक लावून, तो भाग सावलीत कडक खपली धरेपर्यंत, म्हणजे जाडीनुसार एक ते तीन आठवडे, कोरडा ठेवावा आणि मग कोरड्या खडीवर टेकवून मुळे फुटण्याची वाट पाहावी.

९. कुंडी बदलणे आणि नवी रोपे करणे

दर दोन-तीन वर्षांनी, वाढ सुरू होण्याच्या सुमारास, कोरड्या मातीतून झाड काढावे. काटेरी झाडाला वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्टा गुंडाळावा, त्याची दोन्ही टोके धरून झाड उचलावे. नव्या झाडाच्या मुळांभोवती रोपवाटिकेची जाळी किंवा घट्ट पीटचा गोळा असेल तर तो सोडवावा. नाहीतर पाणी बाजूने वाहून जाते आणि मधला भाग कोरडा राहतो. नंतर आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे दुखावलेली मुळे भरून येतात.

पिल्ले आणि छाट यांनाही खपली धरू देऊनच लावावे. पानापासून रोप करायचे तर एकेव्हेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलमपासून सुरुवात करावी. पान हलके पिळून, बुडासकट अखंड निघाले पाहिजे. अर्धवट तुटलेल्या पानातून काहीही येत नाही. कडेला पट्टे असलेल्या सॅन्सेव्हिएरियाचे पान तोडून लावले तर येणारे रोप साधे हिरवे निघते, तिथे बुडाची विभागणीच करावी. एकेव्हेरियाचे पान खडीवर नुसते आडवे ठेवावे, पुरू नये. काही आठवड्यांत बुडाशी गुलाबी धाग्यासारखी मुळे आणि मोहरीएवढा गुच्छ दिसू लागतो. मुळे बाहेर उघडी पडली असतील तर त्यांवर चिमूटभर मिश्रण टाकावे आणि अधूनमधून पाण्याचा फवारा द्यावा. आईचे पान सुरकुतत जाते. ते पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत ओढून काढू नये, कारण तोवर नवे रोप त्याच्यावरच पोसले जात असते.